मराठी पेपरातलं शब्दकोडं कसं सोडवायचं आणि दुसऱ्याला कसं समजावायचं (खास इंदूरकरांसाठी)

हे ज्यांच्यासाठी लिहून राहिलोय ते म्हणजे आपल्यासारखे लोक. घरी मराठी, शाळा हिंदी मीडियम, बाजारात मालवी मिसळलेली हिंदी, आणि रविवारी सकाळी पोहे-जलेबी झाल्यावर ई-पेपरची पुरवणी उघडली की समोर शब्दकोडं. दोनचार शब्द पटापट येतात, मग गाडी थांबते, आणि माणूस म्हणतो "आपली मराठी कच्ची आहे भिया". तसं काही नसतं. रामबागेत, लोकमान्य नगरात कितीतरी घरांत बघितलंय, ज्यांना खूप शब्द येतात ते पण अडकतात आणि ज्यांना कमी येतात ते पण पूर्ण करतात, कारण यात शब्द माहीत असण्यापेक्षा क्लू वाचता येणं जास्त कामाचं असतं. आणि क्लू वाचता आला का नाही याची एकच परीक्षा आहे, उत्तर असंच का, हे शेजारी बसलेल्याला सांगता आलं पाहिजे. सांगता नाही आलं तर तो तुक्का. तुक्का बरोबर निघाला तरी तुक्काच.

काय काय लागेल

- कोडं कागदावर. मोबाईलवर झूम करत सोडवायच्या भानगडीत नका पडू, ई-पेपरचं पान स्क्रीनशॉट करून जवळच्या फोटोकॉपीवाल्याकडून ए-फोर वर प्रिंट काढा, घरं (कोड्याचे चौकोन) मोठी होतात आणि बाजूला उकल (उत्तर असंच का, ते) लिहायला जागा मिळते. खऱ्या पेपरवर सोडवत असाल तर खोडरबर हळू, तो कागद लगेच फाटतो.
- पेन्सिल. पेनने सोडवणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांच्याकडे बघू नका.
- एक मराठी शब्दकोश. वा. गो. आपट्यांचा शब्दरत्नाकर असला तर भारीच. मोल्सवर्थचा जुना कोश (दुसरी आवृत्ती १८५७ची) नेटवर फुकट शोधता येतो, अर्थ इंग्रजीत दिलेत पण गावाकडचे, शेतीतले, स्वयंपाकघरातले शब्द त्याच्यात भरभरून आहेत. विकत नसेल घ्यायचा तर महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या ठिकाणी विचारून बघा.
- भिंतीवरचं मराठी कॅलेंडर. मराठीच. का ते पुढे सांगतो.
- महाराष्ट्राचा नकाशा, ज्यात जिल्हे, तालुके आणि नद्या दिसतात असा.
- घरातली एक वयस्कर बाई. आजी, आत्या, मावशी, कोणी पण.

## १. आधी घरं मोजायला शिका

आडव्या-उभ्या चौकोनांचं कोडं पहिल्यांदा छापलं गेलं ते २१ डिसेंबर १९१३ला, न्यूयॉर्क वर्ल्ड नावाच्या पेपरात, आर्थर विन यांनी बनवलेलं, आकार हिऱ्यासारखा. ते इंग्रजीत होतं, म्हणून एका घरात एक लेटर. आपल्याकडे एका घरात एक अख्खं अक्षर जातं, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार सगळं धरून. याचा परिणाम असा की आपले शब्द घरांत मोजले तर फार छोटे होतात, दोन-तीन-चार घरांचेच जास्त, आणि छोट्या शब्दाला पर्याय खूप असतात. म्हणून मराठी कोडं दिसायला सोपं पण फसवं.

मोजायचे नियम:

- जोडाक्षर एकाच घरात. स्वप्न म्हणजे स्व-प्न, दोन घरं. महाराष्ट्र म्हणजे म-हा-रा-ष्ट्र, चार. उत्सव म्हणजे उ-त्स-व, तीन.
- रफार पुढच्या अक्षराबरोबर जातो. सूर्य = सू-र्य. कार्तिक = का-र्ति-क. नवीन माणूस इथे हमखास "र" साठी वेगळं घर शोधतो.
- अनुस्वार मागच्या अक्षराच्या डोक्यावरच राहतो. इंदूर = इं-दू-र. विसर्ग पण तसाच, दुःख = दुः-ख.
- शेवटचा स्वर सुटा असेल तर त्याला स्वतःचं घर. अहिल्याबाई = अ-हि-ल्या-बा-ई, पाच.

घरातले आकडे डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाढत जातात, आणि एकाच आकड्यापासून आडवा आणि उभा दोन्ही शब्द सुरू होऊ शकतात. म्हणून "५ आडवा" आणि "५ उभा" यांची अदलाबदल करू नका, दोन्हींचं पहिलं अक्षर तेवढं एक.

## २. पहिला राऊंड: फक्त जे नक्की आहे ते

वरून खाली सगळे क्लू एकदा वाचून काढा. कुठेही थांबून विचार करायचा नाही. गाळलेल्या जागेचे आधी उचला, कारण त्यात तुक्का नसतो: "नाचता येईना ___ वाकडे (३)" अंगण (कंसातला आकडा म्हणजे उत्तराची घरं), "उथळ पाण्याला ___ फार (५)" खळखळाट. म्हणी आल्या नाहीत तर आजीला हाक मारा, हे तिचं खातं.

दुसरं, क्लूच्या शेवटी "णे" असेल (उदा. "घाई करणे", "दूर सारणे") तर उत्तर बहुतेक वेळा "णे" नेच संपतं, तर उत्तर न येताच शेवटच्या घरात हलकं "णे" लिहून टाका. फुकटचं अक्षर मिळतं आणि त्याला छेदणाऱ्या शब्दाचं काम होतं. पण लक्षात ठेवा, कोडं लेखी मराठीत असतं. आपण बोलतो करणं, मडकं, रताळं, केळं. तिथे छापणार करणे, मडके, रताळे, केळे. शेवटच्या घरात अनुस्वार घालून बसलात तर उभा शब्द जमणारच नाही.

## ३. क्लूचा पेहराव बघा

क्लू ज्या रूपात आहे त्याच रूपात उत्तर येतं. अनेकवचनी क्लू असेल तर उत्तर अनेकवचनी. "उंच डोंगर" आणि "उंच डोंगरावर" यांची उत्तरं वेगळी, दुसऱ्याच्या शेवटी विभक्तीचं काहीतरी लागणार. "ती रागावली" ला क्रियापद भूतकाळात स्त्रीलिंगी. "धावणारा" ला धावणे चालत नाही.

लिंग तर फार कामाचं. "ही पाण्यात चालते" आणि "हे बारशाला ठेवतात", दोन्हींचं उत्तर नाव, पण एकीकडे ती नाव आणि दुसरीकडे ते नाव. क्लूमधल्या ही-हा-हे कडे लक्ष दिलं की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

## ४. इंदूरकर कुठे अडकतो

पुण्याच्या माणसाने लिहिलेली कुठलीच टिप्स याच्याबद्दल बोलत नाहीत, कारण त्यांना हा प्रॉब्लेमच नाही.

हिंदीतला अर्थ आधी डोक्यात येतो. क्लू आहे "शिक्षा (२)". आपण विद्या, ज्ञान करत बसतो, उत्तर असतं दंड. "चेष्टा (२)" म्हणजे थट्टा, प्रयत्न नाही. "संसार (३)" म्हणजे प्रपंच, जग नाही. "कल (२)" म्हणजे ओढ, काल-उद्याचा काही संबंध नाही. "राग (२)" मध्ये तर दुहेरी फास, मराठीत राग म्हणजे संताप आणि गाण्यातला राग पण, तेव्हा उत्तर भूप सुद्धा असू शकतं, आणि इंदूर घराण्याच्या गावात राहून तेवढं तर सुचायला पाहिजे. नियम असा करा की क्लूमधला शब्द हिंदीतही असेल तर दोन सेकंद थांबून विचारा, आजी हा शब्द कधी वापरते?

स्पेलिंग हिंदीचं लिहितो. हिंदीत कवि, गुरु, कपि. मराठीत शब्दाच्या शेवटी कवी, गुरू, कपी, दीर्घच (आणि, परंतु असले थोडे अपवाद सोडून). हिंदीत नागपुर, कानपुर, मराठीत नागपूर, कानपूर. इंदौर लिहिलंत तर मधलं घर "दौ", इंदूर लिहिलंत तर "दू", उभा शब्द तिथेच मेला. ग्वालियर चार घरं, ग्वाल्हेर तीन. ल-ळ आणि न-ण तर सांगायलाच नको, बोलताना आपण कमल-कमळ, पानी-पाणी असं इकडचं तिकडे करतो, घरात ते चालत नाही. आता हे पण खरं की कोडं रचणारे स्वतः कधीकधी आडव्यात ऱ्हस्व आणि उभ्यात दीर्घ असं खपवतात. ऱ्हस्व-दीर्घावर अडलं आणि बाकी सगळं फिट बसत असेल तर पुढे चला. ळ-ल वर अडलं तर उत्तर चुकलंय असं समजा.

पंचांग. हे मला फार आवडतं कारण इथे भले भले पडतात. आपल्या आजूबाजूला सगळं हिंदी पंचांग, त्यात महिना पौर्णिमेला संपतो. मराठी महिना अमावास्येला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो पण वद्य पक्षात नाव बदलतं. क्लू आला "महाशिवरात्रीचा महिना (२)" तर शेजारचे शर्माजी फाल्गुन सांगतील, ते त्यांच्या हिशेबाने बरोबर, पण आपल्या कोड्यात उत्तर माघ. जन्माष्टमी त्यांची भाद्रपदातली, आपली श्रावणातली. म्हणून भिंतीवर मराठी कॅलेंडर. नक्षत्रं पण तिथेच बघा, मघा, मूळ, हस्त, मृग, स्वाती हे छोटे शब्द कोड्यात सारखे येतात.

महाराष्ट्राचा भूगोल. नेवासे कुठल्या नदीकाठी? प्रवरा. देहू-आळंदी? इंद्रायणी. त्यांना शाळेत शिकवलेलं, आपल्याला शिप्रा-चंबळ-नर्मदा. नकाशा घेऊन नद्यांवरून एकदा बोट फिरवा, विशेषतः दोन-तीन अक्षरी: नीरा, भीमा, मुळा, मुठा, कोयना, मांजरा. जिल्ह्यांची नावं बदललीत ते पण ध्यानात ठेवा, २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जुनं कोड्यांचं पुस्तक सोडवत असाल तर त्यात सात घरांचं अहमदनगर असेल, नव्यात सहा घरांचं अहिल्यानगर. अहिल्याबाई जन्मल्या त्या चौंडी गावाचा हाच जिल्हा, तेव्हा हा एक तरी इंदूरकराने विसरायचं कारण नाही.

घरगुती देशी शब्द. जातं, उखळ, रांजण, उतरंड, माजघर, ओसरी, परस, मोट, औत, शिंकाळे. भाज्यांत तर पूर्ण गोंधळ, आपण सगळे बाजारात गिलकी मागतो आणि कोड्यात घोसाळे येतं. याला शॉर्टकट नाही, एक वही करा.

आता आपला फायदा पण सांगतो, कारण तो मोठा आहे. हिंदी शाळेत पर्यायवाची शब्द घोकलेले आठवतात? कोड्यात छोटी घरं भरायला तेच संस्कृत शब्द वापरतात. पाणी: जल, नीर, उदक, सलिल. आकाश: नभ. पक्षी: खग. हत्ती: गज. पृथ्वी: मही, धरा, अवनी. बाण: शर. भुंगा: अली. आवाज: रव. पर्वत: नग. पुण्यातल्या कॉन्व्हेंटवाल्या मुलाला हे येत नाही, आपल्याला झोपेत येतं. फक्त अनल आणि अनिल मध्ये गडबड करू नका, अनल म्हणजे आग, अनिल म्हणजे वारा, दोन्ही तीन घरांचे, फरक फक्त मधल्या अक्षराचा, आणि कोडंकार मुद्दाम तेच घर मोकळं सोडतो.

## ५. तिरके क्लू

रोजच्या कोड्यात बहुतेक क्लू सरळ अर्थाचे असतात, पण मधेच असा एखादा येतो की वाचून वाटतं छपाईची चूक आहे. "तबल्याचं तोंड चाकात, पावसाची वाट बघणारा (३)". आणि पूर्ण कोडंच असं असेल तर ते गूढ शब्दकोडं, इंग्रजीवाले ज्याला क्रिप्टिक म्हणतात.

याची किल्ली एकच आहे, ती पाठ करा. तिरक्या क्लूमध्ये अर्थ असतो, माल असतो आणि काम असतं. अर्थ म्हणजे उत्तराचा साधा अर्थ, तो क्लूच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी सापडतो, मधे नाही. माल म्हणजे ज्या अक्षरांपासून उत्तर बनतं ती. काम म्हणजे त्या मालाचं करायचं काय. क्लूचं वाक्य म्हणून जे चित्र डोळ्यासमोर येतं ते मुद्दाम फसवायला असतं, ते विसरा.

मी खाली स्वतः बनवलेले क्लू देतो, प्रत्येक प्रकाराचा एक.

दुहेरी अर्थ. "दाबली तर मशीन चालू, आली तर ओय ओय (२)". कळ. इथे माल-काम नसतं, दोन अर्थच शेजारी ठेवलेले असतात. क्लू फार छोटा असेल तर आधी हा प्रकार तपासा. "पुण्याची नदी कोशिंबिरीत (२)", मुळा.

उलटं. "काम उलटलं की शेतात उगवतं (२)". का-म उलटं म-का. मका. वाल्या कोळ्याने मरा मरा म्हणता म्हणता राम कसा झाला ती गोष्ट आठवा, हाच प्रकार. उलटा, फिरला, परतला, माघारी, मागून, उभ्या शब्दात असेल तर वर चढला, असले शब्द दिसले की सावध.

विस्कटलेलं. "कमर मोडली, रास कुठली? (३)". कमरची अक्षरं हलवली की मकर. तीच अक्षरं आणखी पण कशीही लागतात, म्हणून शेवटचा निकाल नेहमी अर्थ देतो. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे: अक्षरं हलवायची म्हणजे मात्रांसकट हलवायची. गाजर विस्कटून जागर होत नाही. गाजर मध्ये गा-ज-र आहे, जागर मध्ये जा-ग-र, काना एका अक्षरावरून काढून दुसऱ्यावर टाकायची परवानगी नाही. इंग्रजी कोडी सोडवून आलेल्यांना ही सवय फार नडते.

जोडलेलं. "मास्तरांमागे दरवाजा, मल्हारराव होते तेच (४)". मास्तर म्हणजे सर, दरवाजा म्हणजे दार, सर-दार. मल्हारराव होळकर पेशव्यांचे सरदार. मागे, पुढे, शेजारी, नंतर, आधी हे शब्द तुकड्यांचा क्रम सांगतात, ते वाचताना गिळू नका.

लपलेलं. "पाऊस सालभर पडला, आत लपला भित्रा (२)". पाऊसचा शेवटचा स आणि सालभरचा पहिला सा. ससा. आत, पोटात, मधे, दडला. हा प्रकार सगळ्यात सोपा आणि तरी शेवटी दिसतो, कारण आपण शब्दांमधल्या रिकाम्या जागेत बघतच नाही. सरळ बोटाने जागा झाकत वाचा.

कापलेलं. "कमळाचं डोकं उडवलं, उरली घाण (२)". कमळ मधून क गेला, मळ. डोकं म्हणजे पहिलं अक्षर, शेपूट किंवा पाय म्हणजे शेवटचं, पोट किंवा काळीज म्हणजे मधलं.

कोंबलेलं. मघाचा तबला. तबल्याचं तोंड म्हणजे त, ते चाकात घाला, चा-त-क. पावसाची वाट बघणारा चातक.

एकेका अक्षरासाठी कोडंकाराकडे ठरलेली चिल्लर असते. सगळ्यात लाडकी म्हणजे सरगम: षड्ज म्हटलं की सा, ऋषभ रे, गंधार ग, मध्यम म, पंचम प, धैवत ध, निषाद नी. नाही म्हटलं की न किंवा ना. एखाद्या शब्दाचं तोंड, सुरुवात, आघाडी म्हणजे त्याचं पहिलं अक्षर. क्लूमध्ये गाण्याबिण्याचा विषय नसताना मधेच "पंचम" आला तर तो प च आहे.

## ६. अडकलात तर

सगळ्यात आधी, जे लिहिलंय त्यातलं काय नक्की नाही ते शोधा. कोपरा अडतो तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा एक चुकीचा शब्द आत बसलेला असतो आणि आपण बाकीच्यांवर जोर लावत असतो. म्हणूनच उकल बाजूला लिहायची, आणि ज्याची लिहिलेली नाही तो शब्द आधी खोडा.

मग छेदणारे शब्द. आडवा येत नसेल तर त्याला कापणारे उभे घ्या, विशेषतः ज्याने पहिलं घर मिळेल तो. मराठीत पहिलं अक्षर मिळालं की शब्दकोश उघडता येतो, शेवटचं मिळून तेवढा फायदा नाही.

मग उठा. पाणी प्या, दूध आणायला जा, छप्पन दुकानवर चक्कर मारून या. परत आल्यावर क्लू वेगळा दिसतो, याचं कारण बहुधा असं की पहिल्यांदा जो चुकीचा अर्थ डोक्यात बसलेला असतो तो तोपर्यंत सैल होतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर थेट उत्तर विचारू नका. विचारायचंच तर "यात अर्थ कुठल्या बाजूला आहे" एवढंच विचारा.

## ७. उकल लिहा आणि समजावून सांगा

घरात सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. एकाला उत्तर आलेलं असतं, तो म्हणतो "अगं आत्या, सोपं आहे, परवाना", आणि आत्या म्हणते "अरे पण का?", आणि मग तो गडबडतो. तर पद्धत अशी ठेवा. क्लू घेऊ:

"पंचमानंतर उलटा वार, मग नाही मिळालं लायसन्स (४)"

एक, आधी अर्थाखाली रेघ मारा. दोन टोकं आहेत, पंचम आणि लायसन्स. पंचम म्हणजे स्वर, चार घरांत काही पटकन सुचत नाही, तर लायसन्स धरून चला.

दोन, उरलेल्याचे तुकडे पाडा. पंचम / नंतर / उलटा / वार / मग / नाही.

तीन, प्रत्येकावर लिहा तो माल का काम. पंचम माल, प. उलटा काम. वार माल, त्यावर उलटा लागला की रवा. नाही माल, ना. नंतर आणि मग हे क्रम सांगणारे, आधी प, मग रवा, मग ना.

चार, जोडा. प-रवा-ना. घरं चार, परवाना, अर्थ लायसन्स. जुळलं.

पाच, आणि ही पायरी सगळे गाळतात, क्लूमधला एकही शब्द बेकार राहिलाय का बघा. इथे "मिळालं" राहिलं, ते नुसतं जोडकाम आणि अर्थ यांच्यातला दुवा आहे, एवढं चालतं. पण तीनतीन शब्द उरत असतील तर तुमची उकल चुकली आहे, उत्तर जरी घरात बसलं असलं तरी.

कागदाच्या कडेला हे एका ओळीत लिहायचं: प + उलट(वार) + ना = परवाना, अर्थ लायसन्स. संपलं.

समजावताना उत्तर सगळ्यात शेवटी बोला. आधी विचारा "आत्या, यात अर्थ कुठला वाटतो?", मग "वार उलटा केला तर काय होईल?", आणि तिला स्वतःला म्हणू द्या. तिला रवा म्हणताना जे हसू येतं ना, तिथून ती दर रविवारी स्वतःहून चष्मा घेऊन बसते. मुलांचं उलट असतं, त्यांना काम लगेच कळतं पण माल नसतो, म्हणजे उलटं करायला सांगितलं तर करतील पण कर म्हणजे हात हे माहीत नसतं. म्हणून एक आजी आणि एक नातू अशी जोडी बसवा, दोघांत मिळून कोडं पूर्ण होतं, फक्त मधे कोणी पेनवाले काका येऊन उत्तर ओरडणार नाहीत एवढं बघा.

आणि छापून आलेल्या उत्तराची उकल लागत नसेल तर? एक दिवस विचार करा, दोन जणांना विचारा, शब्दकोश बघा. तरी नाही लागली तर क्लू वाईट आहे असं बिनधास्त म्हणा. पेपरात छापलं म्हणजे बरोबरच असं नसतं, मागच्या अंकाचं उत्तर या अंकाखाली छापलेलं पण पाहिलंय.

## ८. सरावाला चार

१. वाद उलटला की औषध (२)
२. सकाळी प्यायची नदी (२)
३. शहराचं डोकं उडवलं, सापडलं फळाच्या आत (२)
४. भावापुढे दारूचा अड्डा, राजा बसतो तिथे (४)

उत्तरं न बघता आधी प्रत्येकात अर्थ कुठल्या टोकाला आहे ते ठरवा.

उकल: १. वा-द उलटं, दवा. २. दुहेरी अर्थ, नीरा. ३. नगर मधून न गेला, गर. इथे क्लूमध्ये नगर नाही, शहर आहे, म्हणजे आधी दुसरा शब्द आठवायचा आणि मग कापायचा, ही एक पायरी जास्त. ४. भाव म्हणजे दर, दारूचा अड्डा म्हणजे बार, दर + बार = दरबार. "भावापुढे" वाचून भाऊ डोळ्यासमोर आला असेल तर कोडंकाराने त्याचं काम केलं, भाऊचं पण भावापुढे होतं आणि भावचं पण.